झाकणाच्या पोटातला लाल ठिपका

लाँड्रीत कपड्यांवर खुणा करण्यात ज्याची एकतीस वर्षं गेली, त्याचा जगावर विश्वास बसायचा तरी कसा? शर्ट असेल तर कॉलरच्या आतून, पँट असेल तर पट्ट्याच्या आतून, चादर असेल तर दुमडलेल्या शिवणीच्या पोटात. दोन टाके, नाहीतर एक ठिपका. अदलाबदल झाली की खूणकाका कपडा उलटा करायचे आणि भांडण तिथेच मिटायचं. "खूण अशी असावी," ते म्हणायचे, "की गिऱ्हाइकाला दिसू नये आणि चोराला सापडू नये."

निवृत्त झाले, पण हात थांबला नाही. छत्रीच्या मुठीखाली खूण, चपलेच्या टाचेखाली खूण, शेजाऱ्यांनी मागून नेलेल्या शिडीलाही खूण.

"लग्नात मलाही कुठे केली होतीत का हो?" काकूंनी एकदा विचारलं.

"तेव्हा नोकरीला लागलो नव्हतो," काका म्हणाले.

मग काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायची वेळ आली. परत येताना त्यांच्याच्याने बसची पायरी चढवेना. म्हणून काकांनी गाडी घेतली. सतरा वर्षांची, लांब डिकीची, आधीच तीन घरं फिरून आलेली सेडान.

"फक्त रविवारी बाहेर काढायचो," विकणारा म्हणाला.

काकांनी वाकून ब्रेकच्या पेडलवरून बोट फिरवलं. रबर गुळगुळीत. "मग हे काय रविवारच्या रविवार उंदीर खात होते?"

तरी घेतली. परवडणारी तेवढी एकच होती. पण घेणं सोपं, पोसणं कठीण. पहिल्या महिन्यात बॅटरी, दुसऱ्यात क्लच प्लेट, तिसऱ्यात पुढचे शॉक ॲब्सॉर्बर. खड्ड्यातून गेली की गाडी म्हाताऱ्या खाटेसारखी कुरकुरायची. एवढी जुनी गाडी हातात घ्यायला जवळपास एकच गॅरेज तयार होतं, आणि ते एक बाई चालवत होती. चाळिशीची, चष्मा डोक्यावर, हात कोपरापर्यंत काळे. वडिलांच्या मागे तिने ते सांभाळलं होतं.

काका स्टुलावर बसून पहारा द्यायचे. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून घरी न्यायचे.

"काका, या क्लच प्लेटची भाजी करता का?"

"माझीच आहे ना, मग कुठे ठेवायची ते मी बघीन."

पण पहाऱ्याने भागेना. दुपारी चहाला गेल्यावर मागे काय होतं कुणास ठाऊक! काकांनी काकूंच्या कपाटातली लाल नेलपॉलिशची अर्धी झालेली बाटली उचलली. हाताच्या बोटांना काकू आता ते लावत नसत. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा म्हणून नर्स पुसायला लावायची. बॅटरीच्या खाली एक ठिपका, स्टार्टरच्या मागे एक. आणि रेडिएटरचं झाकण बाईने नवंकोरं बसवलं होतं. नवी वस्तू तर आधी जाणार! त्याला वर खूण करून काय उपयोग, कुणालाही दिसेल. काकांनी झाकण उलटं केलं आणि आतल्या रबराच्या चकतीवर दोन टपोरे ठिपके दिले. कॉलरच्या आतून देतात तसे.

आठ दिवसांत पाणी कमी व्हायला लागलं.

गाडीखाली थेंब नाही, पाइपला ओल नाही, पण भरलेलं पाणी जातंय. तापमानाचा काटा वर सरकतोय. बाईने पाइप बदलले, पंप बदलला. काका घरी येऊन बॉनेट उघडायचे, ठिपके तपासायचे. सगळे जागच्या जागी.

"काही बदललेलं नाही," ते काकूंना म्हणाले.

"मग बरंच की!"

"बरं कसलं? म्हणजे चोर हुशार आहे. वस्तू नेत नाही, पाणी नेतो."

"पाणी नेऊन ती करेल काय?"

"मला परत बोलावेल!"

चौथ्या खेपेला बाईने हात पुसत सांगितलं, "काका, झाकण नवं, पाइप नवे, पंप नवा. आता इंजिनचं डोकंच उघडावं लागेल. आतली गॅस्केट गेली असणार. तीन दिवस गाडी ठेवा."

खर्चाचा आकडा ऐकून काकांना वाटलं, यात अर्धी गाडी येईल. आणि तीन दिवस? उद्या काकूंचं डायलिसिस होतं.

"चार महिने बघतोय. एक काढता, दुसरं निघतं. हे गाडीचं दुखणं आहे की तुमचं?"

बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. "पटत नसेल तर दुसरीकडे दाखवा. पण ही पाण्याची बाटली सोबत ठेवा. आणि काटा लालमध्ये गेला तर एक पाऊल पुढे नेऊ नका."

दुसऱ्या दिवशी काका नेहमीप्रमाणे तासभर आधी निघाले. गाडीवर विश्वास नव्हता म्हणून. अर्ध्या वाटेवर काटा लालमध्ये गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ उसळली. काकांनी गाडी कडेला घेतली.

"अर्ध्या तासापेक्षा उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात," काकू मागून शांतपणे म्हणाल्या. त्यांचे पाय सुजले होते. "दुसरी गाडी इथे वेळेत मिळेलच असं नाही. करा तिला फोन."

"कुणाला?"

"चोराला!"

बाई स्कूटरवर हत्यारांची पेटी घेऊन आली. इंजिन निवू दिलं, मग फडकं धरून झाकण काढलं आणि प्रथमच ते उलटं केलं. चकतीवर दोन कडक लाल फोड. भोवतीचं रबर आक्रसलेलं.

"हे काय आहे? अशाने झाकण घट्ट बसणारच नाही. सगळं पाणी वाफ होऊन इथूनच चाललंय."

काका आभाळाकडे बघायला लागले. काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "अगं बाई! हा तर माझा रंग!"

बाईला कळायला क्षणभर लागला. "काका... गॅस्केट बदलून मी हेच झाकण परत लावलं असतं. पाणी तसंच गेलं असतं. मग मी जन्माची चोर!"

बाईने पेटीतलं दुसऱ्या गाडीचं झाकण बसवलं, पाणी भरलं. काटा मध्यावर येऊन थांबला. वेळेच्या दहा मिनिटं आधी ते दवाखान्यात पोहोचले. बाई स्कूटरवरून मागोमाग आली होती.

"एवढी तापलीय, आत काही वाकलंय का ते बघायला हवं. चार तास आहेत. स्कूटर इथेच ठेवते, चावी द्या. स्टूल मोकळंच आहे, चला हवं तर."

काकांनी चावी दिली. मग काकूंना हात देऊन उतरवत म्हणाले, "नको. मी इथे बसतो."

आत मशीन सुरू झालं. चादरीबाहेर आलेल्या काकूंच्या पायाच्या बोटांवर तोच लाल रंग होता. आता कळलं काकांना, बाटली अर्धी कशी झाली होती ते.

"गाडी एकटीला दिलीत?" काकूंनी डोळे मिटूनच विचारलं. "किलोमीटर तरी लिहून घेतलेत ना?"

काकांनी खिसा दाबला. आतली चिठ्ठी चुरचुरली.

"घेतलेत," ते पुटपुटले. "पण खूण नाही केली."