वजनात मोजलेलं पाणी

देशभर चाललेल्या एका आरोग्य पाहणीत मी मापं घेण्याचं काम करायचे. उंची, वजन, कंबर. मी आकडा सांगायचा आणि पुण्याहून आलेल्या सहकाऱ्यानं तो टॅबमध्ये भरायचा. कुठल्या समाजात लठ्ठपणा किती हे काढायचं असल्यामुळे जमातीचा रकाना सक्तीचा होता. मी इथलीच, मोखाड्याची, त्यामुळे त्या रकान्यात काय भरायचं हे मला कुणाला विचारावं लागत नसे. आमच्याकडे काटा चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे सहसा जात नसे.

साखरशेत गावात भातकापणी चालू होती. एका घरात सापडली ती पन्नाशीची एक बाई आणि तिची सून. बाई काट्यावर उभी राहिली. त्रेसष्ट किलो. उंची जेमतेम एकशे अठ्ठेचाळीस.

"चला, लठ्ठ गटात एक तरी मिळाली," सहकारी म्हणाला.

सून हसली. "सासू यंदाच भरली अंगानं. आधी काडी होती."

मी कमरेला टेप लावला. पोट ताठ होतं, तेलकट चकाकत होतं. हातात एकही बांगडी नव्हती. विचारलं तर म्हणाली, "रुतत होत्या, बाय. फोडून काढल्या." मी खाली बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"झोप लागते का?"

"आडवी झाले का दम कोंडतो. भिताडाला टेकून बसते."

मी सहकाऱ्याला म्हटलं, "हे वजन नाही, पाणी आहे. सूज आली आहे हिला. ते कुठे लिहायचं?"

त्यानं टॅबवर वर-खाली बराच शोध घेतला. गरोदर असल्यास खूण करायची सोय होती, सुजेची नव्हती. "आपल्याला फक्त मोजायला सांगितलंय, मॅडम," तो हळू म्हणाला. त्यानं आकडा भरून पाठवला. मग टॅब पिशवीत टाकला आणि स्वतःच जीप थांबवायला रस्त्याकडे गेला. त्या दिवशीची पुढची घरं आम्ही सोडली.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. हृदय कमजोर झालं होतं, म्हणून अंगात पाणी साठत होतं. दहा दिवसांनी मी भेटायला गेले, तेव्हा ती खाटेवर आडवी झोपली होती. गालांची हाडं वर आली होती. नर्सनं वजन सांगितलं, शेहेचाळीस.

"तुमच्या कागदावर किती लिवलंय माजं?" तिनं विचारलं.

"त्रेसष्ट."

"एवढी मी कदीच नव्हते," ती म्हणाली. तिला त्यात गंमत वाटली असावी. मला वाटली नाही.

मी आमच्या वरिष्ठांना फोन करून नोंद बदलायला सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "काटा बरोबर होता ना? मग त्या दिवसाचं माप तेच." तिच्या जमातीच्या रकान्यात ती लठ्ठ म्हणूनच राहिली.

औषधांवर ती नऊ महिने जगली. नागलीची रोपं लावायला शेतावरही गेली, सुनेनं नको म्हटलं तरी. श्रावणात वारली. सुनेनं फोन केला तेव्हा मी दाभोशाला एका अंगणात माणसं मोजत होते. समोर उभ्या असलेल्या आजींना मी काट्यावरून उतरून जरा बसायला सांगितलं आणि त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला.