पाण्याजवळचा मुक्काम

रामटेकच्या वाटेवर आमची बैलबंडी गाळात रुतली, ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की पुढं आलेल्या सुनांनाही ती पाठ झाली. ती निघाली की मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. कधी पान आणायला, कधी उगाच ओसरीवर. त्या गोष्टीत एक खोटं आहे आणि ते मी घातलेलं आहे. हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. ती हसून सांगणारी माणसं आता राहिली नाहीत. आज लिहायला बसलो, तर पहिल्या चार ओळींतच छाती हलकी झाली. मग इतकी वर्षं कशाला थांबलो, कोण जाणे.

इतवारीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. चैत्रात रामनवमीला सगळं घर रामटेकला जाई. आगगाडी होती, पण लेकुरवाळ्या बायका, शिधा, भांडीकुंडी हे सगळं घेऊन काकांना बंडीच बरी वाटे. आगगाडीत मुक्काम कुठं होतो, असं ते म्हणायचे. यांना देवापेक्षा मुक्कामाचीच हौस जास्त, असं काकूचं म्हणणं.

वाटेत एका तलावाकाठी आम्ही रात्र काढायचो. काठ मोठा, त्यामुळे जागा दरवर्षी नव्यानं निवडावी लागे. सावली हवी, पण वाळल्या फांद्यांखालची नको. वारा चुलीवर येणारा नको. बायकांना आडोसा हवा, आणि शेजारी रात्रभर गलका करणारे नकोत. इतकं पाहून झालं तरी शेवटचा शब्द बैलांचा असे. त्यांना सोडायचं, फिरू द्यायचं, आणि ते आपणहून बसून रवंथ करायला लागले की तिथंच मुक्काम. मग घरातल्या थोरल्या सुनेनं चुलीचा पहिला दगड मांडायचा. तो मांडला की जागा आमची. दुसऱ्यांच्या बंड्या तिथं शिरत नसत. हा मान माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचा, वहिनीचा होता.

बैल बहुतेक वर्षी वर तलावाच्या बांधावर, पाळीवरच्या आमराईत बसत. तिथून पाणी दूर. घागरी वाहून वहिनी दमायची आणि काकूला म्हणायची, "या बैलायले एकदा घागर उचलाले लावा, मंग पाहू कुठी बसते ते." तिचं हे बोलणं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं मला ते उपयोगी पडलं.

त्या वर्षी लग्नसराई जोरात होती. दादा दुकानात अडकला, काका संध्याकाळपर्यंत बैलांच्या हलक्या दमणीतून मागून येणार होते. बायका-मुलांची बंडी घेऊन पुढं जायचं आणि जागा धरायची, हे काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं. कासरा हातात घेऊन मी अंधारातच निघालो. दुपार कलली तेव्हा तलाव दिसला. आमराईत दुसऱ्या मोहल्ल्यातल्या लोकांच्या बंड्या शिरत होत्या. खाली मात्र पाणी आटून मागं सरलेलं, आणि त्यानं सोडलेल्या पट्ट्यावर हिरवंगार सपाट गवत. पाणी अगदी हाताशी. काका येतील, पाहतील, पाठ थोपटतील, एवढंच माझ्या डोक्यात. बैल सोडून पाहण्यात वेळ गेला तर ही जागाही कोणी धरेल, म्हणून ते मी केलंच नाही.

हिरवळीच्या कडेला येताच उजवा बैल थांबला. मान खाली घालून फुरफुरला. मी त्याची शेपटी पिरगाळली.

बंडीतून वहिनी म्हणाली, "भाऊजी, बैल पाय टाकत नाही. वरच चला. पानी मी आनीन."

मी हसून म्हटलं, तुमच्याच घागरी वाचवतोय. आणि पुन्हा शेपटी पिरगाळली.

वरची माती पापडासारखी फुटली. खाली नुसता गाळ. बंडी एका अंगावर कलली, बायकांनी मुलांना उचलून उड्या टाकल्या. जोतं कापून डावा बैल मी मोकळा केला. उजवा पोटापर्यंत रुतला आणि धडपडेल तितका आणखी खाली जाऊ लागला. तो नरखेडकडच्या काकूच्या माहेराहून वासरू असताना आणलेला, काकांनी हातानं वाढवलेला.

तेवढ्यात पाळीवर दमणी थांबली. काका धोतर सावरायचंही विसरून धावत खाली आले.

"कोनं सांगतलं गा तुले इथी बंडी घालाले?"

बैलाचे डोळे पांढरे झाले होते. माझ्या तोंडून निघालं, "वहिनी म्हने, पानी जवळ पायजे."

ते खरं वाटायला मला आणखी काही जोडावं लागलं नाही. काका तिच्याकडे वळून एवढंच म्हणाले की घागरीपायी बैल घालवला असता. वहिनीच्या कडेवर चिखलानं माखलेली माझी पुतणी होती. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी बैलाकडे पाहिलं. सासऱ्याच्या ठिकाणी असलेल्या माणसासमोर सुनेनं बोलायची रीत नव्हती. पदर सारखा करून ती मुलांना घेऊन वर गेली.

आमराईतली माणसं तट्टे, फळ्या, कडब्याच्या पेंढ्या घेऊन आली. बैलाच्या पोटाखालून दोर घातले. आम्ही सगळ्यांनी मिळून ओढलं, घसरलो, पुन्हा ओढलं. दिवस मावळता मावळता तो बाहेर आला. थरथरत उभा राहिला, आणि मग दुसऱ्याच कोणाच्या बंडीतून त्यानं कडब्याचा एक घास ओढला. काका तिथंच चिखलात बसले आणि हसत सुटले. काकू आधी रडली, मग तीही हसली. मला तर पाय उचलून नाचावंसं वाटत होतं. आपण बोललो तेही त्या गाळातच राहिलं, असं मी धरून चाललो.

वर आमराईत बैल बसले. वहिनीनं चुलीसाठी दगड उचलला. काका काकूला म्हणाले, "तू मांड वं."

वहिनीनं दगड खाली ठेवला, घागर घेतली आणि पाण्याला गेली.

तेव्हापासून तो मान गेला. आणि घरात थट्टा सुरू झाली. कुठं छप्पर गळो, कुठं ओल येवो, कोणीतरी म्हणायचंच, वहिनीले विचारा, पानी जवळ पायजे का. ती हसायची. दादालाही तिनं कधी खरं सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर त्यानं मला सोडलं नसतं.

काका गेल्यावर जागा निवडणं माझ्याकडे आलं. मी बैल सोडले, ते बसेपर्यंत उन्हात उभा राहिलो, आणि वहिनीला म्हटलं, दगड तुम्ही मांडा. काकूनं मान डोलावली. वहिनीनं दगड मांडला, काढला, पुन्हा सारखा करून मांडला. त्या रात्री कित्येक वर्षांनी मला गाढ झोप लागली. फिटलं, असं वाटलं. पण बोललो काहीच नव्हतो.

शेवटची भेट सावनेरला, तिच्या मुलाकडे. ती खाटेवर होती. काय म्हणायचं ते मी वाटभर घोकत गेलो होतो. मी बसतो न बसतो तोच तिनं तांब्या मागितला. मुलगा हसत म्हणाला, "मायले पानी जवळच पायजे." सून हसली. वहिनीही हसली, आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"बैल बरे आहेत ना, भाऊजी?"

बैल आम्ही केव्हाच विकले होते. मी म्हटलं, बरे आहेत. तांब्या तिच्या हाताशी सरकवला. वहिनी, तुम्ही वरच चला म्हणाल्या होत्या, मी खोटं बोललो, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. मुलगा चहा घेऊन आला, आणि ते तसंच घेऊन मी परत निघालो.