निळ्या हेल्मेटातला आचारी

मी हिंदुराव. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या गेटवर बसतो. येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे आणि भटकी कुत्री हाकलायची, एवढाच आमचा पराक्रम.

पण पंधरा ऑगस्टला आपला भाव वधारतो. दक्षिण सुदानात संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या हेल्मेटवाल्या शांतिसेनेत वर्षभर होतो, म्हणून झेंडावंदन झालं की चेअरमन माझ्या हातात माइक देतात. पहिल्या वर्षी खरं सांगायला गेलो, तर लोक जिलबीच्या टेबलाकडे सरकले. मग काय, दुसऱ्या वर्षी लांबून गोळीबार ऐकू आला. तिसऱ्या वर्षी तो जवळ आला. यंदा तर तीनशे बंडखोरांनी छावणीला वेढा घातला आणि मी रांगत जाऊन मशीनगन ताब्यात घेतली. टाळ्या अशा पडल्या, की माझाच विश्वास बसला!

चौथ्या मजल्यावरच्या श्यामलाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या, ते काही मला दिसलं नाही. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. मुलगा पुष्कर लष्करात डॉक्टर, रजेवर आलेला. त्याला त्याच देशात जायचा हुकूम निघालाय, हे मला दोन दिवसांनी कळलं, तेही त्याच्याच तोंडून.

"काका, आई जेवत नाही, माझ्याशी बोलत नाही. परवा मला निघायचंय. बाकी तुमचं भाषण छान झालं हो," म्हणाला आणि गेला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरचा चहा जाईना. शेवटी टोपी काखेत मारली आणि चौथा मजला गाठला.

"बाई, मी थापा मारल्या."

"किती?"

"सगळ्याच. मी आचारी होतो हो तिथे. वर्षभर पोळ्या लाटल्या. एकदा धडाम् आवाज झाला म्हणून कणकेच्या पोत्यांमागे आडवा झालो, तर कुकरची शिट्टी उडालेली."

बाई खुदकन हसल्या. "मग हे माइकवर सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की पहिल्या वर्षी. तुम्हीसुद्धा जिलबी घ्यायला गेला होतात."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बरं, आता खरं सांगा. तुमच्याबरोबरचे सगळे परत आले ना?"

आमचा गेनबा पाण्याचा टँकर चालवायचा. एका सकाळी माझ्या हातची गरम पोळी खात गाडीत चढला आणि वाटेत गोळी लागून गेला. त्याची शवपेटी घेऊन त्याच्या गावी मीच गेलो होतो. हे मी कुठल्याच पंधरा ऑगस्टला बोललो नव्हतो. बोलता आलंच नसतं.

"सगळे," मी म्हणालो. "अगदी सगळे."

बाईंनी डोळे पुसले आणि आत हाक मारली, "पुष्कर, तीन पानं घे रे. हिंदुरावही जेवतील."

बसलो. पहिली गरम पोळी माझ्याच पानात पडली. बाई माझ्याकडेच बघत होत्या. म्हणून खात राहिलो.