लाल लेसची खूण

आमच्या स्टेट कॉलेज या गावातल्या मराठी ग्रुपमध्ये बी थोडं जमतं आणि किस्से फार. दर फॉलमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात, आम्ही चारपाच जण जवळच्या जंगलात रोपं करण्यासाठी माउंटन लॉरेलचं बी वेचायला जातो. वर्षभर हिरवी राहणारी ही झुडपं. त्यांचं बी इतकं बारीक, की त्यापुढे नाचणी जाडजूड वाटावी. दिवसभर राबून कागदी पिशवीच्या तळाशी जमते ती चिमूटभर धूळ. बाकीचा दिवस आम्ही परतताना गाडीत गप्पांनी भरून काढतो. यंदा माझ्याच्याने बोललं गेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

\* \* \*

मिलिंद पहिल्यांदा आला तेव्हा पानं तोडून खिशात भरत होता. विचारलं तर म्हणाला, इथे तमालपत्र किती फ्रेश मिळतं, रात्री पुलाव करतो. आमच्या म्होरक्या कुंदाकाकू, नागपूरच्या, लॅबमधून रिटायर झालेल्या. त्यांनी त्याला तिथेच खिसे उलटे करायला लावले. हे तमालपत्र नाही, पान विषारी आहे, हे समजावून झाल्यावर म्हणाल्या, "पुलाव जरूर कर. आम्हाला बोलावू नकोस."

\* \* \*

काकूंचा एक नियम आहे. जूनमध्ये फुलं असताना चांगलं झुडूप हेरायचं आणि फांदीला केशरी टेप बांधायची, कारण ऑक्टोबरमध्ये सगळी झुडपं सारखीच दिसतात. थोडं बी घ्यायचं, बाकीचं झाडावर ठेवायचं. आणि घेऊन झालं की टेप सोडून खिशात घालायची. ती राहिली तर दुसरा कुणी येऊन त्याच झुडपाला पुन्हा ओरबाडतो.

एकदा मिलिंद टेप सोडायला विसरला. गाडी सुरू झाली होती. काकूंनी त्याला पुन्हा डोंगर चढायला लावला. नेहा इथेच जन्मलेली, मराठी समजतं पण उत्तर इंग्लिशमध्येच. ती म्हणाली, "काकू, इट्स जस्ट टेप."

"मग तूही जा त्याच्या सोबतीला."

दोघंही गेले.

\* \* \*

गेल्या वर्षी आमच्या डायनिंग टेबलवर पेपर पसरून सगळे बोंडं चुरडत बसले होते. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, शेजारीच वरणाला लाल मिरचीची फोडणी दिली. एग्झॉस्ट न लावता, अर्धी मोहरी खाली सांडत. पहिली शिंक काकूंचीच, मग सगळ्यांच्या. सीझनभराचं बी कार्पेटवर!

काकूंनी व्हॅक्यूम फिरवला आणि आतला सगळा कचरा ट्रेमधल्या मातीवर पसरला. थोड्याच दिवसांत हिरवे कोंब आले. काकूंनी भिंगातून फोटो काढून ग्रुपवर टाकले, सुधीरने लगेच स्वतःचं अभिनंदन केलं.

मोहरी निघाली.

लॉरेल उगवलं, पण सावकाश. ती रोपं अजून आमच्या खिडकीत आहेत.

\* \* \*

यंदा जूनमध्ये माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी गाडीतच थांबले. सुधीर एकटाच वरच्या अंगाला गेला आणि टेप घरी विसरून आल्याचं त्याला तिथे कळलं. नेमकं तेव्हाच एक झुडूप दिसलं. बाकीची फिकट, हे गर्द गुलाबी. त्याने बुटाची लाल लेस काढून फांदीला बांधली आणि एक पाय फरफटत खाली आला.

काकू म्हणाल्या, "नशीब, लेस होती. नाहीतर बेल्ट सोडला असता यांनी."

परतताना मी विचारलं, कसं आहे रे झुडूप? म्हणाला, "असं सांगून नाही कळायचं. ऑक्टोबरमध्ये दाखवतो तुला."

ऑगस्टमध्ये तो गेला. बूट दारातच आहेत. एकाला लेस आहे.

\* \* \*

ऑक्टोबरमध्ये मला दुसरं काही नको होतं, फक्त ते झुडूप हवं होतं. पहिल्या शनिवारी सापडलं नाही. बोंडं तडकायला आली होती. काकू म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात वाऱ्याने सगळं बी जाईल. रविवारी सगळे पुन्हा आले. कुणी न सांगता.

दुपारी मिलिंद लांबून ओरडला, सापडलं! आम्ही धावलो. फांदीत अडकलेली फुग्याची लाल रिबन होती, कुणाच्या तरी बर्थडेची. त्यानंतर मिलिंद बराच वेळ कुणाकडे बघेना. मीच त्याला चहाचा थर्मास दिला.

उन्हं उतरताना वरून नेहाची हाक आली. मराठीत.

"मावशी, इकडे ये."

\* \* \*

लेसचा रंग विटला होता. हिरवी पानं, वर तपकिरी बोंडांचे घोस. शेजारच्या झुडपांसारखंच दिसत होतं. मी नियमाप्रमाणे थोडे घोस घेतले, पिशवीवर जागा लिहिली, तोंड दुमडलं. मग लेस सोडायला गेले. सुधीरच्या गाठी नेहमीच घट्ट. घरी मी कात्री आणायचे. नखं लावून पाहिली, दातही लावून पाहिले. सुटेना. मिलिंदने खिशातून चाकू काढून पुढे केला.

काकूंनी त्याचा हात मागे सारला. माझ्या हातातल्या घोसांच्या पिशवीकडे त्यांनी नीट बघितलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "या झुडपाचं बी घ्यायचं राहिलंय अजून."