घशाखाली गेलेला घोट

लूमवर थुंकायचं नसतं. थुंकी कापडावर उडाली की डाग पडतो, आणि डागाचा तागा शेठ कारागिराच्या माथी मारतो. म्हणून धोट्याच्या बारीक छिद्रातून धागा ओठांनी ओढताना तोंडात जे काही येई, तेल, खळ, धाग्याची लव, ते धुडकू गिळून टाकायचा. अठरा वर्षं त्यानं असंच गिळलं होतं.

त्या शुक्रवारी दुपारी तोंडात आलेला घोटही त्यानं तसाच गिळला. विचार करायला वेळच नव्हता. घशाखाली काहीतरी खारट, मटणाच्या पाण्यासारखं उतरलं आणि मग त्याला कळलं, की आपण लूमवर नाही.

समोर काचेच्या नळ्यांची घोडी होती. हातात पिपेट, ओठांनी ओढून पाणी मोजायची काचेची नळी. काल रात्रभर उबेत वाढलेल्या जंतूंचं ते पाणी होतं. मुदतीच्या तापाचे जंतू, जिवंत.

त्यानं बेसिनमध्ये तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. स्पिरिटचा बोळा जिभेवर फिरवला, डोळ्यांत पाणी आलं. मग पुन्हा स्टुलावर बसला आणि उरलेल्या एकोणीस नळ्या भरल्या. एकेक मिली, रेषेवर बरोबर.

धुडकू शिरपूरकडचा. सोळाव्या वर्षी सुरतेला आला तो नवागामच्या एका खोलीत. त्या खोलीत तेव्हा अकरा जण पाळीपाळीनं झोपत. लूमच्या खडखडाटात त्याचा डावा कान गेला. चौतिसाव्या वर्षी खोकला सुटेना, तेव्हा डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, छातीत लव बसली आहे, आता यंत्रापासून लांब राहा. ओळखीनं तो एका कॉलेजच्या जीवाणूंच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लागला. काचसामान धुवायचं आणि वापरलेले जंतू ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारायचे, एवढंच काम. नवागामात सांगताना तो म्हणायचा, “मोठ्या कुकरवर आहे.”

वृषाली तायडे तिथं पीएचडी करत होती. उधन्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, पॉइंट्समनची मुलगी, त्या घरातली पहिली एमएस्सी. एकदा तिनं धुडकूला पिपेटनं साधं पाणी मोजताना पाहिलं. पाणी ओठांच्या ओढीनं वर चढे आणि रेषेवर येऊन थांबे. खाली-वर होत नसे.

“धुडकूकाका, तुम्ही तर मशीन आहात.”

“मशीनपाशीच जन्म गेला ना, ताई. थोडी लागण झाली.”

तेव्हापासून ती त्याच्याकडून पाणी, मीठपाणी, मेलेल्या जंतूंचं पाणी मोजून घेऊ लागली. जिवंत जंतूंना विद्यार्थ्यांखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा नियम तिच्या गाईडनी, म्हणजे सरांनी, स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लावला होता. त्या शुक्रवारी एकाच वेळी साठ नळ्या सुरू करायच्या होत्या आणि तिचे हात दोनच होते. ती म्हणाली, “काका, फक्त आजच्या दिवस.”

चूक तिची एवढीच. दुसरी चूक धुडकूची होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. पिपेटच्या तोंडाशी कापसाचा बोळा घालतात. चुकून जास्त ओढलं गेलं तर पाणी त्या बोळ्यात अडकतं. हे बोळे घालण्याचं काम धुडकूचंच. पण स्वतःच्या पिपेटमधला बोळा तो टाचणीनं हळूच काढून टाकायचा. कापसाचा एक तंतू ओठाला लागला तरी त्याची छाती भरून यायची, अठरा वर्षं घशात उभी राहायची. पुन्हा तोंडात लव घ्यायची नाही, ही त्याची शपथ होती.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांनी दोघांना एकाच दिवशी बाहेर काढलं असतं.

वृषालीचं संशोधन काय आहे, हे तिनं त्याला कधीच समजावलं होतं. या जंतूच्या पोटात त्याच्या मोठ्या धाग्याशिवाय आणखी एक लहानसा धागा असतो, दोन्ही टोकं जोडलेला, कड्यासारखा. औषधांना कसं चुकवायचं ते त्या कड्यावर लिहिलेलं असतं. आणि एक जंतू ते कडं दुसऱ्याला देऊ शकतो.

“डॉबीची माळ,” धुडकू लगेच म्हणाला होता. लूमच्या माथ्यावर लाकडी पट्ट्यांची गोल माळ फिरत असते. पट्टीत खुंटी असेल तिथं धागा उचलला जातो, आणि कापडावर नक्षी उतरते. माळ काढून शेजारच्या लूमवर चढवली, की तीच नक्षी तिथं.

“माझ्या गाईडला हे इतकं सोपं करून सांगता आलं नाही,” वृषाली म्हणाली होती.

सोमवारी तिनं त्याला उत्साहानं एक बशी दाखवली. काचेच्या चपट्या बशीत शुक्रवारच्याच जंतूंचं पांढुरकं शेवाळ पसरलं होतं आणि त्यावर औषधांच्या पाच टिकल्या ठेवलेल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू मरतात, स्वच्छ वर्तुळ दिसतं. चार टिकल्यांना शेवाळ अगदी खेटून वाढलं होतं. पाचवीभोवती तेवढं वर्तुळ होतं.

“ही चार औषधं डॉक्टर रोज देतात. याला काही होत नाही. हे पाचवं नवीन आहे, अजून सगळीकडे मिळतही नाही. सुंदर आहे ना?”

“सुंदर आहे,” धुडकू म्हणाला. त्यानं त्या चार टिकल्या पुन्हा एकदा मोजल्या.

घरी त्यानं स्वतःचं ताट आणि तांब्या वेगळा केला. दिवसातून दहादा कपाळाला हात लावायचा. ताप नव्हता. बायकोच्या, भागीरथीच्या नजरेतून ते सुटेल कसं?

“ताट येगळं कसाले ठेवतस तुम्ही?”

“काही नही.”

“काही नही म्हणजे काहीतरी शे. तठे कोनी बाई शे का?”

“शे. काचनी शे. रोज घासस तिले.”

ती हसली नाही. येत्या रविवारी कानबाई होती. श्रावणातली ती खानदेशी देवी, नारळाला डोळे-नथ लावून चौरंगावर बसवायची. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून दळलेले होते. त्या पिठाचे रोट होतात आणि ते फक्त घराण्यानंच खायचे. यंदाची पाळी धुडकूच्या घराची होती. त्यांच्यात रीत अशी, की पाळीच्या घरचा कर्ता पुरुष पिठात पहिला हात घालतो, आणि जेवणाच्या वेळी लहानथोर सगळ्यांना पहिला घास स्वतःच्या हातानं भरवतो. बासष्ट माणसं येणार होती. सर्वांत लहान आठ महिन्यांचं.

बुधवारी त्यानं वृषालीला विचारलं, “ताई, हा जंतू पोटात गेला आणि ताप आलाच नाही, तर सुटला म्हणायचं का माणूस?”

ती सूक्ष्मदर्शकातून मान वर न काढता बोलली. “काही सुटतात. काहींना ताप उशिरा येतो, काहींना येतच नाही, पण जंतू आत मुक्काम ठोकून असतो. अशा माणसानं स्वयंपाक केला, वाढलं, की बाकीचे आजारी…” तिचं बोलणं थांबलं. तिनं मान वर काढली. “का विचारलंत?”

धुडकूनं सांगितलं. सगळं, बोळ्यासकट.

वृषालीनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

“पाच दिवस तुम्ही बोलला नाहीत?”

“तुमचं शिक्षण गेलं असतं.”

“आणि तुमचा जीव?” ती ओरडली, आणि लगेच दाराकडे बघून आवाज खाली आणला. “मीच सांगितलं होतं तुम्हाला. मीच.” तिनं झाकणाची एक डबी त्याच्यापुढे सरकवली. “उद्या सकाळी शौचाचा नमुना आणा. शुक्रवारी काय वाढतंय ते कळेल, शनिवारी त्यावर टिकल्या ठेवीन. रविवारी दहा वाजता पक्कं सांगते. तोवर सरांना…”

“मी नाही सांगत.”

“मीही नाही,” ती म्हणाली. दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

शुक्रवारी बशीत काहीतरी वाढलं. तेच असेल, नसेलही, असं वृषाली म्हणाली. पोटात शंभर जातीचे जंतू असतात. रविवारी दहालाच कळणार. आणि पीठ मळायला सात वाजता बसायचं होतं.

रविवारी सकाळी नवागामच्या धुडकूच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीत चटया पसरल्या होत्या. धुडकूनं प्रयोगशाळेच्या साबणानं तीनदा हात धुतले. हात लाल झाले. परात मांडलेली, शेजारी पिठाचा बंद डबा आणि पाण्याचा तांब्या. घरातल्या वडीलधाऱ्या पुष्पाबाई काकू परातीपाशी पाय पसरून बसल्या होत्या.

“घाल रे हात, धुडकू. कानबाई भुकी शे.”

धुडकू उभाच राहिला. हात धुतले आहेत, त्याला वाटलं. इतके धुतले आहेत. आणि नसेलही ते. तीन तासांनी वृषाली म्हणेल, काका, उगाच घाबरलात. मग या तीन तासांचं काय? आज देवीला नाही म्हटलं तर तो नकार जन्मभर पुसला जायचा नाही. तेवढ्यात कुणाच्या तरी कडेवरच्या त्या आठ महिन्यांच्या पोरीनं त्याच्या लाल बोटाकडे हात केला. बोट पकडायला, तोंडात घालायला.

त्यानं हात पाठीमागे घेतले.

“मी नही घालत, काकू. मना पोटमा आजारना जंतू गयेल शे. मना हातनं खाशात ते पोऱ्हे मरतीन.”

आधी कुणाला कळलंच नाही. कळलं तसा गलका झाला.

“चांगला उभा शे ना तू! ताप कोठे शे?”

“कॉलेजमा झाडू मारस आन डॉक्टर व्हयना!”

“देवीले घर बोलाव आन उपाशी ठेव. वा रे कर्ता!”

पुष्पाबाई काकूंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, “नक्की शे का हाई?”

“नक्की नही. दहा वाजता समजी.”

“मंग दहा लगून थांबूत.”

“दहाले हो म्हनतीन ते?” धुडकू म्हणाला. “आठे भांडं मना हातनं, पानी मना हातनं. नही, काकू. आठे रांधूच नका.”

भागीरथी चुलीपाशी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. वेगळं ताट, वेगळा तांब्या, दिवसातून दहादा कपाळाला लागणारा हात, सगळं तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेलेलं त्यानं पाहिलं. ती उठली. परातीला हात न लावता म्हणाली, “मंग मनाबी हात नको. मी याच घरमा रांधस.”

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. मोजलेलं पीठ टाकता येत नाही. डब्यात बंद होतं ते तसंच उचललं. पुष्पाबाई काकूंनी नारळ छातीशी धरला. दोन गल्ल्या पलीकडे चुलतभावाच्या घराकडे सगळे निघाले. नथ घातलेली देवी दिवसाढवळ्या, एकही रोट न खाता, घराबाहेर पडली. ओट्यांवरची माणसं बघत होती. बासष्टांतलं कुणीही जाताना धुडकूशी बोललं नाही.

रिकाम्या खोलीत भागीरथीनं त्याच्या हातात सायकलची किल्ली दिली.

“जा. काय लिखेल शे ते पाही या.”

प्रयोगशाळेत रविवारचा शुकशुकाट होता. वृषाली बाकापाशी उभी होती. बशी तिच्यासमोर, उघडी नाही, नुसती ठेवलेली. ती काही बोलायच्या आत धुडकूनं बशी उजेडाकडे धरली. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण हे येत होतं. चार टिकल्यांना शेवाळ खेटून वाढलं होतं. पाचवीभोवती वर्तुळ.

त्यानं खाली बसून घेतलं. आठ महिन्यांच्या त्या पोरीची मूठ त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि छातीतून एक भलताच आवाज निघाला. हसल्यासारखा.

“तेच आहे,” वृषाली म्हणाली. “पाचवं औषध लागू पडेल. मी मुंबईहून मागवते, तुम्हाला आणि तुमच्या मिसेसनाही. त्यांचीही तपासणी करू. कुणाला…” तिनं बशीकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या ऑटोक्लेव्हकडे. “काका, ही बशी आत टाकली तर वीस मिनिटांत काही उरणार नाही. औषध तर मी देतेच आहे. माझी साडेतीन वर्षं… तुमची नोकरी…”

तिच्या चेहऱ्यावर त्या शुक्रवारची, साठ नळ्या आणि दोनच हातांची घाई होती.

धुडकूला त्या मुलीची दया आली. वाफ सोडायला त्याला एकच बटण दाबायचं होतं. पण आपल्यानंतर या पिपेटी कुणीतरी दुसरा धुईल, तोही बोळा काढील, किंवा ओठांनी ओढताना हसेल आणि चुकेल. त्याला हे कोण सांगणार?

“आज रविवार आहे, ताई,” तो म्हणाला. “मी रोजंदारीवर. सुट्टीच्या दिवशी कुकरला हात लावत नाही.”

ती रडू लागली. तो तिचं रडणं होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, “सरांचं घर कुठं आहे?”

“अठवा लाइन्स. पण उद्या, काका, उद्या ऑफिसात…”

“उद्यापर्यंत माझी हिंमत राहणार नाही. तुमचीही.”

वृषालीनं डोळे पुसले. बशीला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, ती डब्यात ठेवली, डब्यावर तारीख घातली. नाव लिहायच्या जागी तिचं पेन थांबलं.

“तुमचं पूर्ण नाव काय, काका?”

साडेतीन वर्षांत तिनं ते कधी विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं. तिनं ते लिहिलं आणि त्याखाली स्वतःचं लिहिलं. डबा काखेत घेऊन ती जिना उतरू लागली. धुडकू तिच्यामागून निघाला, कठड्याला हात न लावता.