ब्रदरचे दोन हात

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मी नागपूरच्या दवाखान्यात तीन आठवडे होतो. घरच्यांना मला परत न्यायची घाई नव्हती. फादर होण्यासाठी लंकेहून शिकायला आलेला एक तरुण तिथे रोज रुग्णसेवेला यायचा. सगळे त्याला ब्रदर म्हणत. तो स्टुलावर कधीच टेकला नाही. या पायावरून त्या पायावर होत विचारायचा, "काका, जेवले का? काहून नाही जेवले?" मराठी त्याने रोग्यांकडूनच उचलली होती.

शेजारच्या खाटेवर कन्हानच्या खाणीतला एक ख्रिस्ती म्हातारा होता. एका दुपारी त्याचा श्वास अडखळू लागला. त्याने ब्रदरचा पांढरा झगा घट्ट धरला. "फादर, माह्यं पाप ऐकून घ्या."

"मी फादर नाही गा बाबा, अजून शिकून राहिलो. पाप फक्त फादरनंच ऐकाचं असते, दुसऱ्या कोणाच्या कानावर नाही पडाचं. थांबा, आणतो त्यांले!"

झगा खोचून ब्रदर सायकलवर सुटला आणि अर्ध्या तासात गलेलठ्ठ फादरना कॅरिअरवर बसवून घेऊन आला.

फादर म्हाताऱ्यापाशी वाकले. टाक्यांमुळे मला उठता येत नव्हतं. खरं सांगतो, उठायचंही नव्हतं; माझे कान तिकडेच होते. ब्रदरने मागून येऊन ते दोन्ही तळहातांनी दाबले. स्वतःचे झाकायला हात उरले नाहीत, म्हणून तो मोठमोठ्याने आपल्या भाषेत प्रार्थना म्हणू लागला.

म्हातारा काय बोलला, मला आजही ठाऊक नाही. त्याचा चेहरा मात्र दिसत होता. तो सैल होईपर्यंत ब्रदर माझ्या उशाशी पहिल्यांदाच एका जागी उभा राहिला.