छाननीवाल्याची लेक

ज्योत्स्नाला पगार मिळतो तो चुका करण्याचा. वेबसाइटवरचा कुठलाही फॉर्म लोकांसमोर जाण्याआधी तिच्यासमोर येतो आणि ती त्याला छळते. नावाच्या रकान्यात आकडे टाकते, जन्मतारीख तीस फेब्रुवारी लिहिते, मोबाइल नंबर चारच आकडी देते, काहीच न भरता ‘पुढे’ दाबते. फॉर्मने अडवलं तर तो पक्का. गुमान गिळलं तर कच्चा. मग ती तसं लिहून देते आणि बनवणारी पोरं तोंड वाकडं करत दुरुस्त करतात. अकोल्यात पुलापलीकडे गौरांगचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथं ती नऊ वर्षं हेच करते आहे.

तिच्या आईला, भागीरथाबाईला, हे कधी पटलं नाही. “चुका करायचा पगार भेटते म्हंतं, तं तुया बापाले कलेक्टर कराले पायजे होतं,” असं ती म्हणायची.

बापाला मात्र ऐकताक्षणी समजलं. शेषराव तायड्यांनी दर्यापुरात एका कचेरीच्या खिडकीत एकतीस वर्षं हेच केलं होतं. आलेला अर्ज तपासायचा, चुकलं तिथं लाल पेन्सिलीने गोल करायचा. छाननीवाले तायडे म्हणून खेड्यापाड्यांत नाव होतं, आणि ते नाव घेताना लोक थोडी शिवीही घालत. दुसरे बाबू एक चूक दाखवून अर्ज परत करत; माणूस ती सुधारून आठ दिवसांनी आला की दुसरी दाखवत. शेषराव सगळे गोल एकदाच करत आणि खिडकीतून मान बाहेर काढून सांगत, “हे तीन चुकले. बाकी बराबर हाये, त्याले हात लावू नको.” जीपला लोंबकळत आलेल्या माणसाचा दुसरा दिवस वाया जाऊ नये, एवढंच त्यामागे होतं.

ज्योत्स्नाने हे जसंच्या तसं उचललं. तिच्या हाताखालून गेलेल्या फॉर्मात चूक झाली की आधी भरलेलं पुसलं जात नाही, आणि असतील तेवढ्या चुका एकदम दिसतात. गौरांगला वाटतं, ती हे कुठल्या तरी कोर्समध्ये शिकली.

लग्न तिने केलं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि फार मोठीही नाही. भाऊ संघपाल पुण्याला. तीन वर्षांपूर्वी आई गेली. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला तशी ज्योत्स्नाने गावच्या घराला कुलूप लावलं आणि बापाला जुन्या शहरातल्या आपल्या भाड्याच्या खोल्यांत घेऊन आली.

मागच्या वर्षी अमरावतीच्या एका ट्रस्टचं काम आलं. साठीच्या पुढच्या माणसांना आरोग्य कार्ड द्यायचं, आणि त्याचा फॉर्म त्यांनी आपल्या हाताने मोबाइलवर भरायचा. गौरांग म्हणाला, “ज्योत्स्नाताई, पाच वयस्कर माणसं गाठा आणि भरायला बसवा. कुठे अडतात ते बघा.”

असं बसवण्याचा एकच नियम आहे आणि तो पाळायला फार जड आहे. बघणाऱ्याने बोलायचं नाही. समोरचा अडला, घामाघूम झाला, तरी बोट दाखवायचं नाही. तो कुठे अडला ते लिहायचं आणि दोष फॉर्मचा धरायचा, माणसाचा कधीच नाही.

चार माणसं गल्लीतलीच मिळाली. त्यात एक शकुनमावशी. चौथीपर्यंत शिकलेली, शेवया-पापड करून विकणारी, तोंडाने तिखट. पाचवे शेषराव.

पहिल्या खेपेला सगळेच अडले. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडत होतं आणि महिना महिना मागे जावं लागत होतं. शकुनमावशीने पन्नासेक वेळा बोट टेकवलं आणि मोबाइल खाली ठेवला. “माया जन्म येईन तवरोक मी मरून जाईन वं पोरी!”

ज्योत्स्नाने लिहिलं: फॉर्मचा दोष. कॅलेंडर गेलं, तीन साधे चौकोन आले. दिवस, महिना, साल.

दुसऱ्या खेपेला बाकीचे चौघं पार झाले. शेषराव मोबाइल नंबरापाशी थांबले. त्यांनी पाचच आकडे टाकले. लाल अक्षरं आली, नंबर दहा आकडी हवा. त्यांनी तेच पाच आकडे पुन्हा टाकले. मग तिसऱ्यांदा.

“हाच नंबर हाये,” ते फॉर्मलाच म्हणाले. “रोज उचलतो म्या.”

तो कचेरीतल्या जुन्या फोनचा नंबर होता. ज्योत्स्नाने लिहिलं: ‘मोबाइल’ हा शब्द ठळक हवा. पत्नीच्या नावापुढे त्यांनी आपल्या आईचं नाव घातलं, सोनाबाई. तिने लिहिलं: रकाने फार जवळ आहेत. पत्नी हयात की मयत, इथं त्यांनी ‘हयात’ दाबलं. तिने लिहिलं: बटणं लहान, बोट घसरलं.

शेषराव हात धुवायला उठले तसं शकुनमावशीने तिच्या खांद्यावरून कागदात पाहिलं.

“काय लिहलं वं?”

“बोट घसरलं म्हनून लिहलं.”

“बोट नाई घसरलं त्यायचं.”

“मावशी, टेस्टमंदी बोलाचं नसते.”

“टेस्ट सरली ना? मंग बोलतो मी. परवा त्यायनं मले दोनदा इचारलं, दर्यापूरची जीप कुठून भेटते म्हने, ड्युटीले उशीर होऊन राह्यला.”

“वय झालं मावशी.”

“वय तं मायंही झालं,” शकुनमावशी म्हणाली आणि पापडाचं पीठ भिजवायला निघून गेली.

ज्योत्स्ना इरेला पेटली. एका पानावर एकच प्रश्न ठेवायला लावला. अक्षरं सुपारीएवढी केली. ‘वैवाहिक स्थिती’, ‘संपर्क क्रमांक’ असले कचेरीतले शब्द काढून माणसं बोलतात तसे शब्द घातले. बनवणारी पोरं कुरकुरली, ती ऐकेना. महिनाभराने फॉर्म उभा राहिला तेव्हा गौरांग म्हणाला, “इतका सोपा फॉर्म आपण आजवर केलेला नाही. अमरावतीवाले खूश होतील.” आणि झालेही. हा एवढा सोपा एकाच माणसासाठी केला आहे, हे ना गौरांगला ठाऊक होतं, ना अमरावतीच्या ट्रस्टला.

तिसऱ्या खेपेला शकुनमावशीने सहा मिनिटांत भरला. दुसरे एक आजोबा, मोतीबिंदूचे, त्यांना नऊ लागली. शेवटी शेषराव बसले. ज्योत्स्नाने घड्याळ लावलं आणि कागद मांडीवर घेतला.

नाव बरोबर. जन्माचं साल एकावन्न, बरोबर. मोबाइल नंबर खिशातून फोन काढून त्याच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून बघून लिहिला, बरोबर. ज्योत्स्नाची पाठ थोडी सैल झाली. पत्नीचं नाव त्यांनी लिहिलं: भागीरथा.

पुढचं पान आलं. ‘त्या हयात आहेत का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’, दोन्ही अंगठ्याएवढी, मधे दोन बोटांचं अंतर. शेषरावांनी न अडखळता ‘होय’ दाबलं. तेव्हा फॉर्मने विचारलं, त्यांची जन्मतारीख काय?

शेषराव थांबले. मान वळवून स्वयंपाकखोलीकडे पाहिलं.

“भागीरथा! तुयी जन्मतारीख काय वं?”

आतून कोण बोलणार! त्यांनी पुन्हा हाक मारली, जराशा चिडीने. मग लेकीकडे पाहून हसले. “ऐकतच नाई तुयी माय. कानानं गेली.”

ज्योत्स्नाला बोलायची मनाई होती, म्हणून ती बोलली नाही. कागद तिच्या मांडीवर तसाच होता. त्यात एक रकाना होता, फॉर्मचा दोष काय. ती तिथं पेन टेकवून बराच वेळ बसली. अक्षरं मोठी होती. बटणं लांब लांब होती. प्रश्न एकच होता. लिहायला काही सापडलं नाही. घड्याळ बंद करायचं राहून गेलं. नंतर पाहिलं तेव्हा त्यात एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

अकोल्यातल्या डॉक्टरांनी शेषरावांना कागदावर गोल काढून त्यात घड्याळाचे आकडे भरायला सांगितले. शेषरावांनी बाराही आकडे एकाच बाजूला रचले. डॉक्टरही मधे बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मग गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की हे थांबत नाही, गोळ्यांनी सावकाश वाढतं एवढंच. संघपाल फोनवर म्हणाला, “सारे म्हातारे विसरतेत बाई.” ज्योत्स्नाने त्याला घड्याळाचा फोटो पाठवला. त्यावर त्याचं उत्तर आलं नाही, पैसे आले.

ट्रस्टचा फॉर्म सुरू झाला, गावोगावची माणसं भरू लागली. शेषराव मात्र सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून लेकीच्या लॅपटॉपसमोर येऊन बसायचे. “आज काम नाई काय?” खरा फॉर्म दिला की कुठेतरी अडायचे, लाल अक्षरं यायची, आणि टेबलावर हात आपटायचे. “मले लाल मारते हे? मले?”

मग एका रविवारी ज्योत्स्नाने त्या फॉर्मची नक्कल केली आणि तिच्यातली एकेक तपासणी काढून टाकली. आकडे किती, तारीख खरी की खोटी, काही बघायचं नाही. पत्नीच्या जन्मतारखेचा प्रश्नही काढला. काहीही भरा, शेवटी हिरवी अक्षरं येणार: अर्ज बरोबर आहे. तो फॉर्म कुठेही जात नव्हता, तिच्याच लॅपटॉपमध्ये साठत होता. शेषराव रोज एक अर्ज भरत आणि समाधानाने जेवत. दोन महिने असे गेले.

एका रविवारी ती भाजी निवडत होती, तेव्हा हाक आली.

“ज्योत्स्ना, इकडे ये बरं.”

आवाज खिडकीतला होता. तिने लहानपणी ऐकलेला, कचेरीतला. ती उठून आली. फॉर्मात मुद्दाम वयापुढे तीनशे लिहिलं होतं, मोबाइल नंबरापुढे एकच आकडा, गावापुढे नुसता ठिपका. खाली हिरवं आलं होतं.

“तीनशे वर्साचा मानूस घेतला यानं. कोनं तपासला हा?”

“म्या, बाबा.”

“तुनं? अन् असा सोडला?”

“राहून गेलं.”

“एखांदं राहून जाते. सारंच कसं राह्यलं? कच्चा अर्ज खिडकीत सोडाले सोपा असते पोरी, पुढे जाऊन तो मानसाचा घात करते.” ते थांबले. स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “हा लोकायसाठी नाई ना?”

ज्योत्स्नाने हातातली भाजीची काडी टेबलावर ठेवली.

“मायासाठी केला?”

“हो बाबा.”

“म्या रोज भरतो हा?”

“रोज. दोन महिने झाले.”

“काय लिहतो, दाखव.”

तिने दाखवलं. शेषरावांनी चष्मा चढवला आणि छाननीला बसले. साठाच्या वर अर्ज होते. बोट एकेका ओळीवरून खाली आलं. नोकरी, चालू. पत्नी, भागीरथा. हयात. हयात. हयात.

“गेली ना ती?”

“तीन वर्सं झाले बाबा. दवाखान्यात तुमीच होते तिच्यापाशी.”

“हं.” त्यांनी चष्मा काढला. “मंग हे खोटं जाऊन राह्यलं माया नावानं.”

“कुठंच जात नाई ते. हेथंच राह्यते.”

“जाते का राह्यते, थे सोड. सारी तपासनी लाव परत. वय, नंबर, गाव. अन् भागीरथा लिहून म्या ‘होय’ दाबलं तं अडव मले. लाल येऊ दे.”

“रोज सकाळी बाबा? रोज तुमाले नव्यानं—”

“रोज काहून नाई? बायको होती मायी. लावते म्हन.”

“लावते.”

“आजच.”

“आजच लावते.”

तिने त्याच दुपारी बसून लावली. वय, मोबाइल, गाव, तारीख, काढलेली प्रत्येक तपासणी. राहिली ती शेवटची. काम दोन ओळींचं होतं. तिने लिहिलं आणि सवयीने तपासून पाहिलं. भागीरथा. होय. लाल अक्षरं आली: त्या हयात नाहीत. तपासणी पक्की होती. ज्योत्स्नाने त्या दोन ओळींकडे पाहिलं आणि पुसून टाकल्या.

सोमवारी सकाळी शेषराव सदरा घालून येऊन बसले. कालचं काही त्यांच्या ध्यानात नव्हतं. नंबरापाशी पाच आकडे टाकले, लाल आलं, हात टेबलावर आपटला. ज्योत्स्ना जवळ बसली आणि एकेक आकडा सांगत गेली. त्यांनी दहाही भरले. पत्नीचं नाव लिहिलं. पुढच्या पानावर ‘होय’ दाबलं. फॉर्म पुढे सरकला.

शेषरावांनी बोट वर धरून ठेवलं होतं.

“काई आलं नाई,” ते म्हणाले.

“काय याले पायजे होतं, बाबा?”

त्यांनी आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ज्योत्स्ना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“मालूम नाई,” शेषराव म्हणाले, आणि पुढचा रकाना भरू लागले.